दूध नाही, अंडं नाही, मंग केक कायचा? : संत्र्याचा व्हीगन फ्रूट लोफ, घरच्या घरी

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे', 'ॲक्च्युली' बरेच गाळले आहेत. मापं मात्र सगळी आहेत, कारण मागच्या वेळी 'मावशी, मापं लिहून द्या ना' असे मेसेज आले होते.)

इअरफोन लावलेत ना? आज स्वयंपाकघरातून बोलतेय, त्यामुळे मागे मिक्सरचा, कुकरचा आवाज येईल. तो राहू द्या.

सुरुवात ताईच्या एका व्हॉइस नोटपासून. ताई अकोल्याला असते, मी अमरावतीत. तिचा मुलगा, माझा भाचा, पाच वर्षांचा. त्याला गाईच्या दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी आहे, डॉक्टरांनी तपासून सांगितलेली. मागच्या वर्षी शाळेतल्या एका मित्राचा वाढदिवस होता. सगळ्या पोरांच्या हातात केकची प्लेट, आणि हा कोपऱ्यात वेफर्स खात बसलेला. ताईने नंतर एका दुकानातून त्याच्यासाठी केक आणला. दुकानदार म्हणाला, "एगलेस आहे, प्युअर व्हेज, काही टेन्शन घेऊ नका." दोन घास खाल्ले आणि अर्ध्या तासात पोराच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. दवाखान्यात पळावं लागलं.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. केकमध्ये अंडं नव्हतंच. पण कंडेन्स्ड मिल्क होतं, दही होतं, वर क्रीम होतं. ताईने विचारलं 'अंडं आहे का', आणि विचारायला हवं होतं 'दूध आहे का'. त्या रात्री तिने मला व्हॉइस नोट पाठवली, "तू एवढं इंटरनेटवर बोलत असतेस, याच्यासाठी एक केक शोधून दे." मी हो म्हटलं. आणि तीन केक बिघडवले. आजचा भाग त्या तीन केकांबद्दल आणि चौथ्याबद्दल आहे.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही. मंग केक कायचा करून रायली वं?"

प्रश्न बरोबर आहे. त्यामुळे आधी तेच बघू.

आपल्याकडे 'एगलेस' हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. कुकरमधला रव्याचा केक, मिल्कमेडचा केक, दह्यातला केक हे घरोघरी होतात. पण या प्रत्येकात अंड्याची जागा दुधाच्याच कुठल्यातरी रूपाने घेतलेली असते. 'व्हीगन' म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीच नाही. अंडं नाही, दूध-दही-लोणी-तूप नाही, मधसुद्धा नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मंडळींनी 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं उचलली आणि जोडून टाकली. त्यांचं कारण प्राण्यांबद्दलचं होतं. ताईचं कारण वेगळं आहे. पण केकला कारण कळत नाही, त्याला फक्त साहित्य कळतं.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण याच्यावरच पोरगं दवाखान्यात गेलं. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ 'शाकाहारी' एवढाच आहे. दूध आणि दुधाचे पदार्थ त्यात चालतात. म्हणजे हिरवा ठिपका बघून तुम्हाला अंडं नाही हे कळेल, दूध नाही हे कळणार नाही. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने २०२२ मध्ये वेगळे नियम आणले, त्यांचं चिन्हही वेगळं आहे. हिरवं इंग्रजी व्ही अक्षर आणि त्यात पान. पण आपल्या किराणा दुकानात ते चिन्ह असलेली पाकिटं शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. त्यापेक्षा पाकीट उलटं करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, मिल्क फॅट यातलं काहीही दिसलं की ते दूधच. शेवटी ॲलर्जीची सूचना असते, 'कंटेन्स' म्हणून, ती तर वाचाच. उलट कोको बटरमध्ये दूध नसतं, ती कोकोच्या बीची चरबी. पीनट बटरचंही नाव फसवं, पण मागचं वाचायचंच. आणि बटर पेपरमध्ये तर बटर अजिबात नसतं, हे मी ताईला दोनदा सांगितलं.

अजून एक. कुणी म्हणेल, गाईचं चालत नाही तर म्हशीचं द्या, शेळीचं द्या. ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते, आणि या सगळ्या दुधांतली प्रथिनं एकमेकांसारखी असतात. म्हणून हा प्रयोग घरी करायचा नाही. ज्यांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचत नाही त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं पोट बिघडतं, गुबारा धरतो. ॲलर्जीत श्वास अडकू शकतो. तुमच्या घरात कुणाला काय आहे ते डॉक्टर सांगतील, पॉडकास्टवाली मावशी नाही.

तर आईचा प्रश्न. केकमध्ये अंडं नेमकं करतं काय?

अंड्यातली प्रथिनं तापली की घट्ट होतात, आपण ऑम्लेट करतो तेव्हा होतात तशीच. केक फुगतो आणि त्याच वेळी ही जाळी घट्ट होते, म्हणून बाहेर काढल्यावर तो खाली बसत नाही. अंडं तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवतं. फेटलं तर हवा धरतं. आणि त्यात बरंच पाणी असतं, तेही पिठाला लागतंच. दूध पाणी देतं, आणि त्यातल्या साखरेमुळे आणि प्रथिनांमुळे वरून छान तांबूस रंग येतो. लोणी पिठाच्या कणांवर पातळ थर चढवतं, त्यामुळे केक चिवट होत नाही. ते तर तेलही करतं, उलट तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, कारण तेल लोण्यासारखं थिजत नाही.

म्हणजे शोधायचं काय होतं? चिकटून धरणारं काहीतरी. हवा देणारं काहीतरी. आणि पाणी.

मी आधी काय केलं, इंग्रजी व्हिडिओ बघितले. त्यात एक बाई म्हणते, 'फ्लॅक्स एग' घ्या. मी फोनवर फ्लॅक्स सीड्सचं पाकीट शोधायला लागले. छोटंसं, चकचकीत. आई मागून बघत होती. म्हणाली, "हे तर जवस होय!"

हो. जवस. आपल्या विदर्भातलं रब्बीचं जुनं पीक. ज्याची चटणी भाकरीबरोबर खाऊन आपण मोठे झालो. डब्यात पडलेलं होतं घरात, आणि मी ते पाकीट कार्टमध्ये टाकत होते.

जवसाच्या बीच्या बाहेरच्या सालीत एक चिकट पदार्थ असतो. पाण्यात भिजवलं की तो सुटतो आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखी लिबलिबीत तार येते. ही तार पीठ धरून ठेवते आणि गॅसचे बुडबुडे लगेच फुटू देत नाही. अंड्यासारखी ती तापून घट्ट होत नाही, हे मात्र खरं. म्हणून जवसाचा केक स्पंजसारखा हलका होत नाही. थोडा भरीव, ओलसर होतो. आणि म्हणूनच मी स्पंजचा नाद सोडून फ्रूट लोफकडे वळले. लोफ म्हणजे पावासारख्या लांबट साच्यातला केक. त्याचा स्वभावच भरीव असतो, सुकामेव्याचं ओझं घ्यायचंच असतं. जवसाचं जे उणं आहे ते इथे उणं राहतच नाही.

एकच काळजी घ्या. जवस ताजं दळा. जवसाचं तेल हवेने लवकर खवट होतं. हेच तेल हवेत वाळून कडक होतं म्हणून ते रंगात आणि वार्निशमध्ये वापरतात. तुमच्या जवसाच्या पुडीला रंगाच्या डब्यासारखा वास येत असेल तर ती गेली समजा. अख्खं जवस ठेवा, लागेल तेवढं मिक्सरमधून काढा. कच्चंच दळा. आणि चटणीच्या डब्यातलं नको रे बाबांनो, त्यात लसूण आणि तिखट आहे.

चिकटपणाचं झालं. आता पाणी, आणि पाण्याच्या जागी संत्र्याचा रस. वरूड-मोर्शी आपल्याच जिल्ह्यात, ज्याला लोक 'विदर्भाचं कॅलिफोर्निया' म्हणतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव नागपूरचं, पण बागा इकडेही किती आहेत ते तुम्ही वरूडच्या रस्त्याने गेला असाल तर बघितलंच असेल. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. केकला मोठं, देखणं फळ लागत नाही. बारीक फळ, ज्याला बाजारात चुरी म्हणतात आणि ज्याला शेतकऱ्याला भाव मिळत नाही, ते उत्तम. रस तोच, सालीचा वास तोच.

भाच्याचा वाढदिवस फेब्रुवारीत होता. मृगाची संत्री आली होती. मी खूश.

पहिला केक असा झाला. संत्र्याचा रस, जवस, मैदा, साखर, तेल, अर्धा चमचा सोडा. फुगला बऱ्यापैकी. कापला तर आत पिवळट-तपकिरी डाग आणि चव साबणासारखी. आईने एक घास घेतला आणि काही न बोलता पाणी प्यायली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

काय चुकलं हे कळायला मला दोन दिवस लागले. खाण्याचा सोडा आंबट पदार्थाशी भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याने केक फुगतो. सगळ्या इंग्रजी रेसिपीत लिहिलेलं असतं, 'संत्र्याचा रस आंबट असतो, तो सोड्याला पुरेसा आहे.' पण आपलं नागपुरी संत्रं चांगलं पिकलं की गोड असतं, त्याचा आंबटपणा कमी. घरी करून बघा, दोन वाट्या घ्या. एकीत संत्र्याचा रस, एकीत लिंबाचा, दोन्हीत चिमूटभर सोडा टाका. लिंबाची वाटी फसफसून वर येते. संत्र्याची थोडी हसते आणि गप्प बसते. म्हणजे माझ्या केकमधला बराच सोडा तसाच उरला होता, आणि उरलेला सोडा म्हणजेच ती साबणाची चव, तेच ते डाग. उपाय सोपा निघाला. एक मोठा चमचा लिंबाचा रस. संत्र्याच्या केकमध्ये लिंबू. चवीसाठी घातलं नाही, सोडा खाऊन टाकायला घातलंय. लिंबाची चव नंतर कळतसुद्धा नाही.

दुसरा केक कडू झाला. त्याला कारण मीच. आळस केला, संत्र्याच्या फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवल्या आणि तो रस गुळाबरोबर उकळला. नागपुरी संत्र्याच्या रसात कडूपणा मागाहून येतो. काढल्या काढल्या गोड लागतो, पण ठेवला किंवा तापवला की कडवट होत जातो. बिया आणि पांढऱ्या सालीत तो कडूपणा जास्त. या फळाचा रस बाटलीत भरणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. तेव्हा बिया काढा, हाताने पिळा, लगेच वापरा, उकळू नका. किसायची ती फक्त वरची केशरी साल, खाली पांढरं दिसलं की थांबा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, किसताना ती फाटते. म्हणून फळ सोलायच्या आधी, अख्खं असतानाच किसून घ्या.

तिसरा केक बघायला सुंदर होता. फक्त सगळे मनुके तळाशी जाऊन बसले होते. वर केक, खाली मनुक्यांची चटई.

त्याचं उत्तर मला शंभर वर्षं जुन्या रेसिपीत सापडलं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत 'वॉर केक' नावाचा प्रकार घरोघरी होत असे. अंडी, दूध, लोणी वाचवायचं होतं, म्हणून हे तिन्ही न घालता केलेला केक. त्यात मनुके, साखर, मसाले आणि चरबी पाण्यात उकळायचे, थंड करायचे आणि मग पीठ व सोडा घालायचा. बऱ्याच घरी डुकराची चरबी घालत, त्यामुळे तो काही व्हीगन नव्हता. पण वनस्पती तूपही तोवर आलं होतं. तिथल्या एका मोठ्या कंपनीने १९११ मध्ये सरकीच्या तेलापासूनच ते बाजारात आणलं. सरकी, म्हणजे कापसाचं बी! आपण कापूसवाले लोक, आपल्याला हे ऐकून बरं वाटायला हरकत नाही. आजही रिफाइंड सरकीचं तेल या केकला चांगलं चालतं, त्याला स्वतःचा वास नसतो. फल्ली तेलाला वास असतो. मला तो आवडतो, ताईला नाही.

उकळण्याने काय होतं? मनुके पाणी पिऊन फुगतात, मऊ होतात. नाहीतर कोरडे मनुके केकमधलं पाणी ओढून घेतात आणि केक कोरडा पडतो. गूळ विरघळतो आणि पाक थोडा दाट होतो. मिश्रण घट्ट झालं की फळं खाली जात नाहीत. माझा तिसरा केक पातळ होता, एवढंच. मनुक्यांना मैदा चोळा असं सगळे सांगतात, त्याने थोडा फरक पडतो. पण मिश्रण पातळ असेल तर मैद्याचा सदरा घालूनही मनुके बुडतातच.

आणि परदेशी पदार्थ आपल्या साहित्यात करणं यात नवं काही नाही. केरळात तलश्शेरीला मांबळ्ळी बापू नावाचे बेकर होते. १८८३ मध्ये एका इंग्रज मळेवाल्याने त्यांना विलायती प्लम केक दाखवला आणि असा करून दे म्हटलं. बापूंनी तिथली कदळी केळी आणि काजूच्या बोंडांची दारू वापरून तो केला, असं सांगतात. भारतातल्या ख्रिसमस केकची गोष्ट तिथून सुरू होते. आपण दारूच्या जागी संत्रं घेतोय. आईसमोर दुसरं काही चाललं नसतं.

आता लिहून घ्या. हा चौथा केक. आठ इंच बाय चार इंचाचा लोफ टिन, साधारण दहा तुकडे. टिन नसेल तर स्टीलचा सात इंची डबा चालेल. चमचा म्हणजे पाच मिलीचा मापाचा, मोठा चमचा पंधरा मिलीचा. घरातला चहाचा चमचा आणि पोह्याचा चमचा यांच्यावर सोड्याच्या बाबतीत विश्वास ठेवू नका.

१०० ग्रॅम काळे मनुके, ५० ग्रॅम खजूर बारीक चिरून, १३० ग्रॅम गूळ चिरून, १२० मिली पाणी, अर्धा चमचा दालचिनी पूड, थोडं जायफळ. हे सगळं पातेल्यात घ्या, उकळी आली की मंद गॅसवर पाच मिनिटं ठेवा. उतरवा. त्यातच ७५ मिली तेल घाला आणि पूर्ण थंड होऊ द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण. गरम पाकात सोडा पडला तर सगळा गॅस साच्यात जायच्या आधीच उडून जातो. गुळात कचरा दिसत असेल तर आधी गूळ-पाण्याचा पाक करून गाळा, मग मनुके घाला.

तोवर दोन मोठे चमचे जवसाची पूड पाच मोठे चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. चमचा उचलला की तार यायला पाहिजे.

दोन संत्र्यांची साल किसून घ्या आणि १०० मिली ताजा रस काढा. त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस.

दुसऱ्या भांड्यात १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कणीक, एक चमचा बेकिंग पावडर, सपाट अर्धा चमचा खाण्याचा सोडा, पाव चमचा मीठ. दोनदा चाळा. चाळणं नाटक नाही, सोड्याची गुठळी राहिली तर तिथे पुन्हा तो तपकिरी डाग.

५० ग्रॅम टुटीफ्रुटी त्या कोरड्या पिठातच मिसळा. टुटीफ्रुटी म्हणजे कच्च्या पपईचे तुकडे साखरेच्या पाकातले, हे माहीत नसलेले लोक अजून भेटतात मला. काजू किंवा अक्रोड ४० ग्रॅम घालता येतात, पण येणाऱ्या पोरांमध्ये कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. आम्ही घातले नाहीत.

आता थंड पाकात जवस, साल आणि रस घाला, मग कोरडं पीठ. चमच्याने हलक्या हाताने कालवा आणि पीठ दिसेनासं झालं की थांबा. फेटू नका. गव्हाच्या पिठाला जितकं घोटाल तितकं ते चिवट होतं. पोळीच्या कणकेला ते हवं असतं, केकला नको. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, चमच्यातून धबकन पडेल असं हवं. कणकेनुसार एखादा चमचा पाणी कमीजास्त लागतं.

एकदा रस आणि सोडा एकत्र आले की थांबायचं नाही. रील शूट करायची असेल तर आधी करा. टिनला तेल लावून बटर पेपर घातलेला असावा, ओव्हन तापलेला असावा. मिश्रण ओता, लगेच आत.

ओटीजी असेल तर १७० अंशांवर, वरखाली दोन्ही कॉइल, ४५ ते ५५ मिनिटं. गुळामुळे वरचा भाग लवकर काळपट होतो, तेव्हा अर्ध्या तासानंतर वर ॲल्युमिनियम फॉइल सैल झाका. मधोमध विणायची सुई किंवा सुरी घाला, कोरडी आली की झालं. ओले मनुके लागले तर ते ओलं पीठ समजू नका, दुसऱ्या जागी टोचून बघा.

ओटीजी नाही? माझ्याकडेही पहिले तीन केक झाले तेव्हा नव्हता, आणि चौथाही कढईतच झाला. जुनी, जाड बुडाची मोठी कढई घ्या, नवी नॉनस्टिक नको. तळाशी बोटभर जाड मीठ, त्यावर स्टँड किंवा उलटी ताटली. घट्ट झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग डबा ठेवा, आच मंद-मध्यम करा, ५५ ते ७० मिनिटं. कुकर वापरत असाल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायच्या, आत पाणी नाही. पहिली चाळीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. मला माहीत आहे तुम्ही उघडणार, म्हणून सांगतेय. आतली जाळी अजून कच्ची असते, गार हवा लागली की मध्ये खड्डा पडतो. कढईत वरून आच नसते, त्यामुळे वरचा रंग फिकट येतो. तो तसाच असतो, केक कच्चा नसतो.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर. आणि गरम कापू नका. हा केक करायचा आदल्या दिवशी. रात्रभर झाकून ठेवला की मनुक्यांचा ओलावा सगळीकडे पसरतो, संत्र्याचा वास उतरतो आणि तुकडे सरळ पडतात.

ॲलर्जीवाल्या घरांसाठी एवढंच की भांडी वेगळी घासून घ्या. ज्या ब्रशने काल पावाला लोणी लावलं तोच ब्रश आज टिनला लावला तर सगळी मेहनत पाण्यात. आम्ही त्या दिवशी ब्रश वापरलाच नाही, हातानेच तेल फिरवलं.

मग मी तो केक स्टीलच्या डब्यात घालून, मांडीवर धरून एसटीने अकोल्याला नेला. मूर्तिजापूरला एक काका म्हणाले, "काय आहे वं डब्यात, लय वास सुटला." त्यांना एक तुकडा द्यायचा मोह झाला होता, पण अख्खा न्यायचा होता. ताईने साहित्याची यादी स्वतः परत वाचली, पाकिटांचे फोटो मागितले, तेही बघितले. मला राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही वाचली असती. वर क्रीम नव्हतं, फक्त संत्र्याच्या रसात पिठीसाखर कालवून ओतली होती.

भाच्याने मेणबत्ती फुंकली आणि कापलेल्या तुकड्याकडे हात नेला नाही. आईकडे बघितलं. त्याला सवयच तशी लागली आहे. ताई म्हणाली, "खा, तुझाच आहे." तर तो म्हणाला, "हा सगळा माहा?"

मित्रांना वाटायला त्याला दहा मिनिटं समजवावं लागलं.

शेवटी राहिलेले प्रश्न, कारण ते येणारच आहेत. केक टिकतो किती? थंडीत डब्यात तीन-चार दिवस. मार्चनंतर, आणि अकोल्याच्या मे महिन्यात तर बाहेर एक दिवससुद्धा नाही, ओला केक आहे, बुरशी धरते. तुकडे कापून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर जातात. खाताना तव्यावर थेंबभर तेलात शेका, कडा कुरकुरीत होतात. संत्र्याचा हंगाम नसेल तर मोसंबीचा रस चालतो, तोही गोडच, तेव्हा लिंबू विसरू नका. डब्यातला संत्र्याचा ज्यूस घेणार असाल तर त्यातली साखर मोजून गूळ वीस-तीस ग्रॅम कमी करा. मैदा नकोच असेल तर सगळी कणीक घ्या, दोन मोठे चमचे रस वाढवा आणि थोडा जड केक खायची तयारी ठेवा.

आणि ज्यांनी विचारलं होतं की जवसाऐवजी पिकलेलं केळं चालेल का: चालेल, एक मध्यम केळं कुस्करून, आणि जवसात घालायचं पाणी वगळून. पण मग संत्र्याचा वास मागे पडतो आणि तो केळ्याचाच केक होतो. त्याचा वेगळा भाग करू. केळी आणली आहेत, फक्त अजून पिकायची आहेत.